खेड्यातली मरणे मोजणारा डॉक्टर

यवतमाळ जिल्ह्यात झरी-जामणी, मारेगाव, केळापूर या बाजूला कोलामांचे पोड आहेत. पोड म्हणजे मूळ गावापासून जरा दूर, कपाशीच्या आणि तुरीच्या शेतांपलीकडे वसलेली पाच-पंचवीस घरांची वस्ती. अशा पोडावर बाळंतपण झाले, की तिसऱ्या दिवशी 'आशा' कार्यकर्ती दारात येते. तिच्या खांद्याला एक पिशवी असते. त्या पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर आणि सेकंद दाखवणारे घड्याळ असते. ती साबणाने हात धुते, बाळाला झोळीत घालून तोलते, काखेत थर्मामीटर धरते आणि मग मिनिटभर काही न बोलता त्याच्या छातीकडे पाहत राहते. ती श्वास मोजत असते. सातव्या दिवशी ती पुन्हा येते. मग चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि शेवटी बेचाळिसाव्या दिवशी. बाळंतपण दवाखान्यात न होता घरीच झाले असेल, तर पहिल्या दिवशीची एक फेरी जास्त.

आपल्या शहरी घरांतून बाळंतपण म्हणजे डिंकाचे लाडू, शेकशेगडी, सुईणीच्या जागी आलेले नर्सिंग होम आणि फोनवर चोवीस तास हजर असलेले बाळाचे डॉक्टर. त्यामुळे त्या पिशवीचे अप्रूप आपल्याला वाटणार नाही. पण ही पिशवी पोडापर्यंत कशी पोचली, याची हकीगत ऐकण्याजोगी आहे. कागदावर ती योजना २०११ साली दिल्लीहून निघाली. तिचा जन्म मात्र विदर्भातलाच. यवतमाळच्या शेजारी चंद्रपूर आणि चंद्रपूरच्या पलीकडे गडचिरोली. तिथल्या एका डॉक्टर जोडप्याच्या वह्यांत ती पहिल्यांदा लिहिली गेली. त्या जोडप्याचे नाव डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग.

वर्धा नदी ओलांडली की यवतमाळातून माणूस वर्धा जिल्ह्यात येतो. त्या वर्ध्यात २३ सप्टेंबर १९५० रोजी अभय बंग यांचा जन्म झाला. वडील ठाकुरदास बंग अर्थशास्त्राचे प्राध्यापक. बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. स्वातंत्र्याच्या आधी त्यांचे अमेरिकेला उच्च शिक्षणासाठी जायचे ठरले होते. निघण्यापूर्वी ते सेवाग्रामला गांधीजींचा आशीर्वाद घ्यायला गेले. अर्थशास्त्र शिकायचे असेल तर अमेरिकेपेक्षा हिंदुस्थानच्या खेड्यांत जा, अशा अर्थाचे एक वाक्य बापू बोलले आणि प्राध्यापकमहाशयांनी अमेरिकेचा बेत सोडून दिला. असल्या घरात वाढलेल्या मुलाने पुढे काय करावे हे जवळजवळ ठरूनच जाते! अभय आणि त्यांचे वडीलबंधू अशोक यांनी शाळकरी वयातच कामाची वाटणी केली होती, असे सांगतात. एकाने खेड्यातली शेती सुधारायची, दुसऱ्याने खेड्यातले आरोग्य. भावाभावांच्या वाटण्या आपण पुष्कळ पाहतो, ही निराळी.

सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेतून अभय नागपूरच्या मेडिकल कॉलेजात आले. तिथेच राणी चारी ही चंद्रपूरची मुलगी त्यांना भेटली. दोघेही एम. डी. झाले, ते वैद्यकशास्त्रात, त्या स्त्रीरोगशास्त्रात. नागपुरात पाटी लावली असती तर दहा वर्षांत बंगला उभा राहिला असता. ते वर्ध्याच्या खेड्यांत काम करू लागले.

तिथे त्यांना पहिला मोठा धडा मिळाला, आणि तो औषधाचा नव्हता, मजुरीचा होता. १९८० च्या सुमाराची गोष्ट. रोजगार हमी योजनेवर राबणाऱ्या माणसाला दिवसाला चार रुपये मिळत. हा दर कशावरून काढला, हे एका तरुण डॉक्टरने विचारायचे तसे काही कारण नव्हते. पण त्याच्याकडे येणाऱ्या मजुरांच्या अर्ध्या दुखण्यांचे नाव भूक हेच होते. डॉ. बंगांनी सरकारी समितीचा अहवाल मिळवला आणि परीक्षेचा पेपर तपासावा तसा तपासला. कुदळ मारणाऱ्या, माती वाहणाऱ्या शरीराला दिवसाकाठी उष्मांक किती लागतात? त्या एका मजुरीवर घरातली किती पोटे अवलंबून असतात? त्या अन्नाची बाजारात किंमत काय? हा सगळा हिशेब त्यांनी नव्याने मांडला. उत्तर आले बारा रुपये. हा हिशेब छापला गेला, गाजला, मजुरांच्या संघटनांनी तो हाती घेतला आणि पुढे शासनाला दर वाढवावे लागले. आमच्या मते डॉ. बंगांची सारी कारकीर्द या एका हिशेबात बीजरूपाने आहे. त्यांनी मोर्चाही काढला आणि निवेदनेही दिली. पण त्याआधी मोजले. सरकारशी बोलायचे तर त्याच्याच भाषेत, म्हणजे आकड्यांत, बोलायचे आणि आपला आकडा त्याच्या आकड्यापेक्षा जास्त खरा असला पाहिजे, ही त्यांची रीत तेव्हापासूनची.

ही मोजणी शास्त्रशुद्ध कशी करावी ते शिकायला दोघे अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. वडिलांनी सोडलेली अमेरिका मुलाने गाठली ती अशी, आणि १९८४ मध्ये सार्वजनिक आरोग्याची पदवी पदरात पडताच परतीची वाट धरली. चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन १९८२ साली गडचिरोली हा नवा जिल्हा झाला होता. जंगल, नद्या, गोंड-माडिया वस्ती, रस्ते नावापुरते. तिथे १९८५ च्या डिसेंबरात त्यांनी 'सर्च' ही संस्था स्थापली. दवाखान्यासाठी जागा मिळाली ती तेंदूपाने साठवण्याच्या एका रिकाम्या गोदामात.

पहिले संशोधन त्यांनी मोठ्या हौसेने केले. आदिवासींमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार किती आहे, याची पाहणी. ती यशस्वी झाली, वर्तमानपत्रांत आली, मंत्र्यांनी आश्वासने दिली आणि पुढे काहीच घडले नाही. गावकऱ्यांनाही त्याचे विशेष सोयरसुतक नव्हते. त्यांना ताप, बाळंतपणे, पोरांची मरणे यांचे पडले होते. हा प्रश्न लोकांचा नव्हता, डॉक्टरांच्या आवडीचा होता, हे डॉ. बंगांनी स्वतःच पुढे अनेक भाषणांतून मोकळेपणाने सांगितले आहे. (गंमत अशी, की याच सिकलसेलसाठी २०२३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय मोहीम काढली. शास्त्रज्ञाची आवड कधीकधी लोकांच्या गरजेच्या तीस-पस्तीस वर्षे पुढे धावते, एवढेच म्हणायचे.)

यानंतर मात्र त्यांनी विचारूनच पावले टाकली. इस्पितळ कसे हवे, असे आदिवासींना विचारले. ते म्हणाले, मोठ्या इमारतीची आम्हाला भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, आणि आजाऱ्याला एकटे ठेवून घरी जायला सांगता ते आम्हाला जमत नाही. म्हणून गडचिरोलीपासून काही मैलांवर चातगावच्या वाटेला उभ्या राहिलेल्या 'शोधग्राम'मध्ये इस्पितळ म्हणजे आदिवासी पाड्यासारख्या झोपड्यांचा समूह झाला. रोग्यासोबत घरची माणसे राहतात. नाव आहे माँ दंतेश्वरी दवाखाना. देवी ओळखीची असली की दार ओळखीचे होते.

राणीताईंचे काम याच काळातले. वसा आणि अमिर्झा या दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. गरोदर बाई सोडली तर खेड्यातल्या बाईला स्त्रीरोगांची तक्रार असते, हे तोवर आरोग्यखात्याच्या गावीही नव्हते. बाईचे आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन, असा खाक्या. तपासणीत शंभरातल्या ब्याण्णव स्त्रियांना एक ना एक विकार निघाला, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया निघाल्या शंभरात आठ. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात १९८९ च्या जानेवारीत हा निबंध आला, आणि जगभरच्या आरोग्यशास्त्रज्ञांनी वसा-अमिर्झाची नावे वाचली. आपल्या घरातल्या बायका 'अंगावर काढतात' असा शब्दप्रयोग आपण किती सहज करतो! त्या दोन शब्दांत काय काय दडलेले असते, ते राणीताईंनी मोजून दाखवले.

मग बालमृत्यू. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी दोन बाया एक हाडांचा सापळा झालेले मूल घेऊन डॉ. बंगांच्या घरी धावत आल्या. डॉक्टरांनी त्याला बिछान्यावर ठेवून तपासायला घेतले, आणि काही मिनिटांतच त्याचा श्वास थांबला. त्या रात्री ते कारणे मांडत बसले. गरिबी, गरोदरपणातली आईची उपासमार, घरातली दारू, अंधश्रद्धा, गावात उपचाराची सोय नसणे, पावसाने अडलेली वाट, अशी एकामागून एक अठरा कारणे निघाली. एखाद्याने अठरा कारणे पाहून हात टेकले असते. डॉ. बंगांचा विचार उलट होता. ही साखळी आहे, आणि साखळीची एक कडी तुटली तरी मूल वाचते. प्रश्न एवढाच, की यातली कोणती कडी आज आपल्या हातात आहे?

त्यांच्या पाहणीत न्युमोनिया ही अशी कडी निघाली. औषध स्वस्त, गोळ्यांचे. अडचण निदानाची. लहान मुलाला न्युमोनिया झाला की श्वास जलद होतो. दोन महिन्यांच्या आतले बाळ मिनिटाला साठ किंवा अधिक, त्याहून मोठे तान्हे पन्नास किंवा अधिक श्वास घेऊ लागले की औषध सुरू करायचे. पण गावातल्या सुईणीला पन्नासपर्यंत आकडे येत नव्हते. बाराच्या पुढे डझनाने, विसाने मोजणाऱ्या या बायका. तेव्हा एक साधे यंत्र तयार झाले. यंत्र कसले, खेळणेच! एक मिनिटाची वाळूची घटिका आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी. एक तान्ह्यांसाठी, एक त्याहून मोठ्यांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. ओळीच्या शेवटी लाल मणी. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्युमोनिया. दहापर्यंत मोजता येणाऱ्या कोणत्याही बाईला हे जमते, आणि जमले. १९९० च्या 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापला गेला: ज्या गावांत हे काम चालले तिथे न्युमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले होते.

तरी जन्मल्यानंतर पहिल्या महिन्यात जाणारी बाळे जातच होती. अशा बाळाला इस्पितळात न्या, असे सारे जग सांगत होते. पण तिकडल्या बहुतेक बाया घरीच बाळंत होत. बाळंतिणीची खोली अंधारी. गरोदर बाईने पोटभर खाल्ले तर मूल मोठे होऊन अडेल, हा समज. आणि बाळाला महिनाभर घराबाहेर काढायचे नाही, ही रीत. इस्पितळ बाळाकडे येत नाही आणि बाळ इस्पितळात जात नाही. मग काय करायचे? डॉ. बंगांनी गावोगावच्या थोड्याफार शिकलेल्या बायकांना शिकवायला घेतले. त्यांचे नाव ठेवले आरोग्यदूत. १९९५-९६ या पहिल्या वर्षी त्यांनी ७६३ नवजात बाळांचे घरी जाऊन निरीक्षण केले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती, आणि ती मिळाली शंभरात तिघांनाही नाही. त्यानंतर आरोग्यदूतांना उपचाराची साधने दिली. न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायचा, गार पडणाऱ्याला उबेच्या पिशवीत ठेवायचे, आईचे दूध लगेच पाजायला लावायचे. आणि रक्तात जंतुदोष झाल्याची ठरलेली लक्षणे दिसली तर तोंडाने औषध आणि सोबत जेंटामायसिनची सुई टोचायची.

इथे खरी ठिणगी पडली. सातवी-आठवी शिकलेली खेडवळ बाई चार दिवसांच्या बाळाला सुई टोचणार? शहरातल्या डॉक्टरांना हे भलते धाडस वाटले, आणि त्यांचे चुकले असे सरसकट म्हणता येणार नाही. आपल्याच नातवाला अशा हातांनी सुई टोचू देण्याची कल्पना आपल्यापैकी किती जणांना सोसेल? पण तुलना करायची ती नागपूरच्या इस्पितळाशी नाही. त्या गावात दुसरा पर्याय कोणताच नव्हता, त्याच्याशी करायची. डॉ. बंगांनी उत्तर दिले ते आपल्या रीतीने. ३९ गावांत काम केले, ४७ गावांत फक्त नोंदी ठेवल्या आणि दोहोंची तुलना केली. ३९ गावांत पहिल्या महिन्यातले मृत्यू हजारी ६२ होते, ते १९९७-९८ मध्ये २५.५ वर आले. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी ही घट शंभरात बासष्ट ठरली. ४ डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये हे सारे प्रसिद्ध झाले. त्या ४७ गावांचे काय, असा प्रश्न वाचताना मनात येतो, आणि तो यावाही. पण त्यांच्या नोंदी नसत्या तर घट आपोआप झाली असे म्हणायला सरकार मोकळे राहिले असते, आणि मग देशातल्या इतर लाखो गावांना काहीच मिळाले नसते. हे गणित ज्याचे त्याने सोडवावे.

पुढची लढाई मुंबई-दिल्लीची. राज्यात बालमृत्यू किती होतात याचे सरकारी आकडे डॉ. बंगांना पटेनात. 'सर्च' आणि राज्यातल्या इतर स्वयंसेवी संस्थांनी मिळून गावोगाव मोजणी केली, आणि २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल बाहेर आला. मरणारी कितीतरी मुले सरकारी दप्तरात मरतच नव्हती, असा त्याचा सारांश. विधिमंडळात, वर्तमानपत्रांत वादळ उठले. शेवटी शासनाने बालमृत्यूंच्या मूल्यमापनासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद त्याच तक्रारदाराला दिले! सरकारी यंत्रणेची ही एक युक्ती असते. टीकाकाराला खुर्ची दिली की तो गप्प बसतो. हे गृहस्थ खुर्चीवर बसूनही मोजतच राहिले.

दारूचे प्रकरण वेगळे, आणि त्यावर मतभेदही अधिक. गडचिरोलीत बायकांच्या आणि गावांच्या आंदोलनातून १९९३ साली जिल्ह्याची दारूबंदी झाली, त्यात बंग दांपत्य आघाडीवर होते. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. यवतमाळातल्या बायकांनीही बंदीसाठी मोर्चे काढले आहेत. बंदीने चोरटी दारू वाढते असे एक पक्ष म्हणतो. कमी का होईना, पिणे घटते, असे दुसरा. डॉ. बंग दुसऱ्या पक्षाचे, आणि २०१६ पासून गडचिरोलीत चाललेल्या 'मुक्तिपथ' या कामात दारू-तंबाखूवर किती पैसा जातो, हे मोजणे त्यांनी सोडलेले नाही. तुम्ही-आम्ही या वादात कोणतीही बाजू घेतली, तरी रोजची मजुरी गुत्त्यावर ठेवून येणाऱ्या नवऱ्याच्या बायकोचे मत विचारात घेणे भाग आहे, आणि ते मत कोणत्या बाजूचे आहे ते उघड आहे.

मधल्या काळात, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, या रोग मोजणाऱ्या डॉक्टरलाच हृदयविकाराने गाठले. त्यातून 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक निघाले, आणि ते पुष्कळ मराठी घरांत पोचले आहे. आमचे वाचक कदाचित त्यांना त्या पुस्तकावरूनच ओळखत असतील. २००३ चा 'महाराष्ट्र भूषण' आणि २०१८ ची पद्मश्री हे दोन्ही मान दोघांना मिळून मिळाले. त्यावर अधिक लिहीत नाही.

आदिवासींच्या आरोग्याचा विचार करण्यासाठी केंद्राने २०१३ साली तज्ज्ञांची समिती नेमली, तिचे अध्यक्षही डॉ. बंग. तिचा अहवाल २०१८ साली सादर झाला. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे देशात दहा कोटींवर आदिवासी. पण त्यांच्या आरोग्याचे असे संपूर्ण चित्र त्याआधी एकत्र मांडलेलेच नव्हते. महाराष्ट्रात ज्या तीन जमाती विशेष दुर्बळ गणल्या आहेत, त्या कातकरी, माडिया गोंड आणि यवतमाळचे कोलाम. पोडावरच्या माणसाचे दुखणे वेगळे मोजले गेले नाही तर ते जिल्ह्याच्या सरासरीत विरघळून जाते. सरासरीत पुसदचा सावकारही असतो आणि झरीचा कोलामही.

आता त्या पिशवीकडे. केंद्राने २००५ पासून गावोगाव 'आशा' नेमल्या, आणि २०११ मध्ये गडचिरोलीची पद्धत त्यांच्या हाती दिली: घरी जाऊन बाळ तपासणे, वजन, ऊब, दूध, श्वास. देशभरच्या लाखो आशांच्या कामात वसा-अमिर्झाकडची ती आरोग्यदूत शिरली. सगळी मात्र शिरली नाही. ज्या सुईवरून वाद झाला होता, ती सुई राष्ट्रीय योजनेने आशाच्या पिशवीत घातली नाही. तिने लक्षणे ओळखायची आणि बाळाला वरच्या दवाखान्यात पाठवायचे, असे ठरले. दवाखाना जवळ असेल तिथे हे शहाणपणाचेच आहे. पोडावरून पावसाळ्यात नाला ओलांडून जायचे असेल, तर गाडी येईपर्यंत बाळाचे वडील आणि आशाताई दोघेही रस्त्याकडे पाहत बसतात.

आणि मजुरी. सहाही फेऱ्या पुऱ्या झाल्या, नोंदी बरोबर भरल्या आणि बाळ बेचाळीस दिवसांचे झाले, म्हणजे आशाला द्यायची रक्कम २०११ च्या योजनेत ठरली ती अडीचशे रुपये. फेरीमागे बेचाळीस रुपयांच्या आतच.